मारव्यातला सा

खोटं वाटलं तर खुशाल खोटं समजा. मी तर म्हणते, खोटंच समजा आणि सुखानं झोपा. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातला शेवटचा भाग माझ्या स्वयंपाकघरात घडलाय.

जागा सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मावशीच्या यजमानांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याच्यामागचं गोडाऊन. महिना कार्तिकाचा.

वेळ रात्रीची नाही.

भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं कुणी सांगितलं? ही तिन्हीसांजेची गोष्ट आहे. बाहेर रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती.

काव्या ही मावशीची धाकटी. आमचं घराणं लिंगायताचं. घरात कानडी, दाराबाहेर मराठी. तिचे वडील चनबसप्पाकाका यांना मागाच्या खडखडीपलीकडे दुसरा ताल ठाऊक नाही. अशा घरात ही पोर गळा घेऊन जन्माला आली. लहान असतानाच तिला अक्कम्माबाईंकडे गाणं शिकायला घातलं.

अक्कम्माबाईंचं गाणं सोन्यासारखं आणि जीभ विंचवासारखी. चुकलं की मांडीवर फाडकन पंजा बसायचा. पोरी रडत घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या, कारण तसं गाणं दुसरीकडे मिळत नव्हतं.

मारवा हा बाईंचा राग. दिवस बुडताना गातात तो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, काव्यानं सांगितलं तेवढंच सांगते. कुठलंही गाणं फिरून फिरून 'सा'वर येतं आणि तिथं जिवाला बरं वाटतं. मारव्यात ते सुख द्यायचं नसतं. 'सा'ला चुकवत आजूबाजूला फिरत राहायचं. आणि 'प' तर त्यात लागतच नाही. वर्ज्य. म्हणून मारवा ऐकताना उगाच हुरहूर लागते.

"मारव्यात सा म्हंजे परक्याचं दार," बाई सांगायच्या. "शिवायचं आन् निघायचं. तितं बूड टेकायचं न्हाय."

पुढे काव्या कॉलेजला पुण्याला गेली आणि तिथं तिनं व्हायोलिन धरलं. तेही आपल्यासारखं मांडी घालून नव्हे. उभ्यानं, हनुवटीखाली दाबून, साहेबी पद्धतीचं. बाईंच्या कानावर ते गेलंच. सुट्टीत ही पाया पडायला गेली, तर बाईंनी पाय मागे घेतले.

"देवानं गळा दिलाय तुला. जा, लाकूड घासत बस."

त्यानंतर बाई तिच्याशी मरेपर्यंत बोलल्या नाहीत.

मरेपर्यंत... एवढंच मी म्हणते.

गेल्या वर्षी काव्याला एक संधी चालून आली. ऑस्ट्रियातली एक चौकडी आहे. दोन व्हायोलिनं, एक त्याहून थोरलं, आणि एक माणसाएवढं, ते दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. आपल्या एखाद्या रागावर त्यांच्या पद्धतीची रचना करून महिनाअखेरीला पाठवायची. पसंत पडली तर ते ती त्यांच्याकडच्या सभागृहात वाजवणार आणि काव्याला तिकडे शिकायला बोलावणार.

काकांनी आपला निकाल सांगून टाकला.

"ह्या बारीला झालं तर जा कुटं जायचं तितं. न्हाय झालं तर हापिसात येऊन बस. टावेलाला गिऱ्हाईक हाय, तुज्या कुंईकुंईला न्हाय."

काकांच्या त्या ऑफिसात काव्याचा जीव गुदमरायचा. सूत, रंग, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन. ही रचना गेली नाही तर जन्म तिथंच जाणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तिनं ठरवलं, साधीसुधी रचना करायची नाही. बाईंचा आवाज घ्यायचा. बाईंचा मारवा वर चालेल आणि खाली त्या चौघांची तंतुवाद्यं.

बाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शेवटी त्या लेकीकडे, महेश्वरीकडे, कुंभारीला होत्या. तिथं एका संध्याकाळी त्या मारवा गायल्या होत्या आणि महेश्वरीनं तो मोबाईलवर धरून ठेवला होता. काव्या तो मागायला गेली.

"घे," महेश्वरी म्हणाली. "पर आईनं त्यो पुरा केला न्हाय. मधीच थांबली. जितं थांबली तितंच थांबव. फुडं कायबी जोडू नगंस."

काव्यानं मान हलवली. मान हलवायला काय जातं!

मग जागेचा प्रश्न आला. तो हमजानं सोडवला. हमजा तिचा शाळेपासूनचा मित्र, लग्नाकार्यात कीबोर्ड वाजवतो, रेकॉर्डिंगचं सामानही त्याचंच. तो म्हणाला, गोडाऊन. तिथं टॉवेलचे आणि चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात. आवाज घुमतच नाही. टाळी वाजवली तर तिथल्या तिथं मरते. स्टुडिओवाले भिंतींना काय काय चिकटवून जे करतात ते इथं फुकट. फक्त सुट्टीचा दिवस गाठायचा, माग बंद असतात तो.

पहिल्या सुट्टीला दोघं गठ्ठ्यांच्या मधे बसले. मारव्याची वेळ झाली होती. वरच्या झरोक्यातून पिवळं ऊन आत येत होतं.

काव्यानं रचनेचा शेवट कीबोर्डवर वाजवून दाखवला. साहेबांच्या संगीतात एका स्वराखाली आणखी स्वर रचून एकदम वाजवतात, त्याला कॉर्ड म्हणतात. तिनं शेवटी 'सा'चा कॉर्ड ठेवला होता. त्यात सा, ग... आणि प.

हमजा हसला. "मारव्यात प? बाई असत्या तर बोटं मोडली असती तुझी."

"त्या चौघांना शेवट पाहिजे, हमजा. घरी आल्यासारखा. त्यांच्यात गाणं असं उघड्यावर सोडत नाहीत."

"आणि बाईंचा सा कुठं आहे? त्या तर त्याच्या आधीच थांबल्यात की."

"तेच तर," काव्या म्हणाली. "तो असता तर काय पाहिजे होतं!"

तिनं रेकॉर्डिंग लावलं. बाईंचा आवाज आला. भरलेला, थोडा पिकलेला, 'सा'ला चुकवत वर चढणारा. एका जागी तो थांबला. रेकॉर्डिंग संपलं.

आणि मग...

आवाज घुमला.

टॉवेलच्या गोडाऊनमध्ये, जिथं टाळी मरते तिथं, बाईंच्या आवाजाची शेपटी गठ्ठ्यागठ्ठ्यांतून फिरत गेली. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात फिरते तशी. हळूहळू लांब गेली.

हमजानं टाळी वाजवून बघितली. टाळी मेली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. स्पीकरमध्ये काहीतरी झालं असेल, असं म्हणून सामान आवरलं. निघताना काव्याला समोरच्या गठ्ठ्यावर एक खळगा दिसला. कुणीतरी मांडी घालून बराच वेळ बसून उठावं तसा. तिनं हातानं कापड सारखं केलं. आमच्यात माणूस गेला की बसवून माती देतात. बाईंनाही तशीच दिली होती. हे तिला नेमकं तेव्हाच आठवलं.

मधल्या दिवसांत व्हायोलिन नीट वागेना. 'सा'ला लावलेली तार रात्रीतून उतरायची. सकाळी पुन्हा चढवायची, संध्याकाळी पुन्हा खाली. बाकीच्या तीन तारा जागच्या जागी. खुंटी सैल झाली असेल म्हणून तिनं खडू लावला. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या सुट्टीला पुन्हा गोडाऊन. पुन्हा तीच वेळ. रेकॉर्डिंग लावलं. बाई गायल्या. जिथं थांबायच्या तिथं थांबल्या.

दोघं शेपटी ऐकायला कान देऊन बसले.

ती आली नाही.

त्याऐवजी... श्वास ऐकू आला. म्हातारं माणूस दम घेतं तसा.

आणि मग...

"सा..."

लांब. भरलेला. काठोकाठ सुरात.

काव्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीतीनं नाही! इथंच तर पोर फसली. तिला वाटलं, बाईंनी दिला. आयुष्यभर मारव्यात जो कधी टेकवला नाही तो सा बाईंनी तिच्यासाठी, तिच्या त्या साहेबी कॉर्डासाठी दिला. माफ केलं. ती चक्क गठ्ठ्याला डोकं टेकून रडली.

हमजानं लॅपटॉपचा पडदा बघितला. आजवर जिथं सपाट रेघ होती, तिथं आता आवाजाचा उंचवटा होता. त्यानं पुन्हा पुन्हा लावून बघितलं. सा होता.

"हा आधी नव्हता, काव्या."

"नीट ऐकलं नसेल आपण. किती बारीक आहे बघ की."

"अगं, चार दिवस मी हेच ऐकतोय..."

"बाईंचा आशीर्वाद आहे तो. मोडता घालू नकोस."

त्या आठवड्यात तिनं कॉर्ड त्या 'सा'वर बसवला. मला फोन करून ऐकवलाही. मला काय कळतंय? गोड वाटला. पोरीचा आवाज आनंदानं फुटत होता, म्हणून मीही आनंदले.

तिसरी सुट्टी आली. महिना संपायला आला होता. शेवटचा हात फिरवायचा आणि पाठवून द्यायचं, एवढंच काम उरलं होतं. बाई गायल्या. थांबल्या. श्वास घेतला.

"सा..."

खालून कॉर्ड उठला. सा, ग, प. काव्यानं डोळे मिटले.

"...कु."

तिनं डोळे उघडले.

हमजानं न सांगता मागे नेऊन पुन्हा लावलं.

"सा... कु."

मराठीत ज्याला पुरे म्हणतात, बास म्हणतात, त्याला कानडीत साकु म्हणतात. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही तो शब्द ठाऊक आहे. बाई शिकवताना कुणी चुकलं की आधी मांडीवर पंजा बसायचा आणि मग हाच शब्द यायचा. साकु. थांब. पुढं गाऊ नको.

बाईंनी स्वर दिलाच नव्हता. बाई तिला गप्प करत होत्या.

हमजा उठला. घाबरला की तो मराठी विसरतो.

"वो सा नै है, काव्या. बस बोलरी वो. साफ बस बोलरी. मैं नै करता अब ये काम."

"हमजा, दोन दिवस राहिलेत फक्त!"

"तू बी नको करू. मिटा दे. आवाज निकाल दे पूरा."

सामान तिथंच टाकून तो बाहेर पडला. बाहेर मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला, पोरांचा क्रिकेटचा गलका आला, आणि मग दार आपोआप लागलं.

काव्या एकटी राहिली. समोर लॅपटॉप. पडद्यावर दोन उंचवटे. एक लांबरुंद, सा. त्याच्यामागे एक इवलासा, कु.

तिच्या डोळ्यांसमोर काकांचं ऑफिस आलं. तिला राग आला. मेल्यावरसुद्धा म्हातारी आडवी येते म्हणजे काय? जिवंतपणी एक शब्द बोलली नाही आणि आता बोलते ते हे?

तिनं माऊस धरला. इवलासा उंचवटा निवडला.

आणि कापून टाकला.

नुसता सा उरला. गोड, लांब, काठोकाठ. नकाराचा आशीर्वाद झाला. तिनं रचना पाठवून दिली.

पाठवली त्याच क्षणी तिच्या उजव्या मांडीवर फाडकन पंजा बसला.

गोडाऊनमध्ये कुणी नव्हतं. समोरच्या गठ्ठ्यावर खळगा मात्र पुन्हा पडला होता... आणि तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वर आला. बसलेलं माणूस उठून उभं राहतं तेव्हा गादी वर येते, तसा.

मांडीवरचे पाच वळ मावशीनंही बघितले. तिला वाटलं, हमजाशी भांडण झालं की काय! माणसाला काय काय वाटतं.

आठवड्यानं त्या चौकडीचं उत्तर आलं. रचना सुंदर आहे, पण शेवटी आम्ही कॉर्ड वाजवतो तेव्हा गाणाऱ्या बाई गप्प का असतात? काव्यानं आपल्याकडची फाईल लावली. सा नव्हता. सपाट रेघ. पुन्हा पाठवा, असं त्यांनी कळवलं, पण काय पाठवणार? व्हायोलिनवर वाजवून द्यावा म्हटलं तर गज तारेवरून फिरायचा आणि त्या एका स्वराला मुका व्हायचा. रे बोलायचा, ग बोलायचा. तेच व्हायोलिन दुसऱ्यानं हातात घेतलं की सगळं ठीक.

मग एका सकाळी तिनं मावशीला चहात घालायला साखर मागितली.

"अव्वा, खर दे."

मावशी हसली. काव्या हसली नाही. तिनं पुन्हा म्हणून बघितलं. खर. डी. बण. त. तोंड उघडायचं, पण पहिलं अक्षर यायचंच नाही. सोलापुरात, पुण्यात डॉक्टर झाले. गळ्यात दोष नाही म्हणाले. काव्या ते अक्षर टाळून बोलायला शिकली आणि काकांच्या ऑफिसात जाऊन बसली. काकांनाही वाईट वाटलं. "तसं म्या रागानं बोललो हुतो गं," ते म्हणायचे. पण आता बोलून काय उपयोग?

ती कुंभारीला गेली. महेश्वरीनं उंबऱ्यावरच अडवलं.

"माज्या आईचा शब्द कापलास. तुकडा तुज्याकडं ऱ्हाईला, तोंड तिचं ऱ्हाईलं. आता तू जाने आन् ती जाने. माज्या दारात पुन्यांदा येऊ नगंस."

हे सगळं काव्यानं मला गेल्या महिन्यात सांगितलं. टेंभुर्णीला, आमच्या घरी आली होती. ते अक्षर आलं की ती नुसती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी समजून घ्यायचे. खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता. पोरीनं अपयशाचा धसका घेतलाय, असंच मला वाटत होतं. रडून रडून डोळे सुजले होते तिचे. म्हटलं, आधी जेव.

भर दुपार. हे दुकानावर, मुलं शाळेत. घरात आम्ही दोघीच. तिला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आवडते म्हणून तेच केलं होतं. मी दुसरी भाकरी वाढायला गेले. तिनं ताटावर आडवा हात धरला आणि ओठ उघडले.

"सा..."

तिच्या तोंडातून नाही.

माझ्या पाठीमागून. पिठाच्या डब्यांच्या बाजूनं. म्हाताऱ्या बाईचा आवाज. लांब, भरलेला.

काव्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. आवाज संपेपर्यंत तिनं वाट बघितली. मग हळूच म्हणाली,

"...कु."

भाकरी माझ्या हातातच राहिली. मी मागे वळून बघितलं नाही. मला झालंच नाही.

"ताई, ऐकू आलं तुला?"

मी मान हलवली.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "आजवर कुणालाच आलं नव्हतं गं. अव्वाला नाही, अप्पांना नाही. देवाशपथ, तुलाच आलं." आणि मग ती पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी जेवल्यासारखी.

तिला मी एसटीवर सोडायला गेले. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"सावकाश जा गं ताई घरी. हायवे ओलांडताना बघ."

गाडी थोडी पुढे गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. सावकाश. पहिलं अक्षर स्वच्छ. खणखणीत.

तिला ठाऊक होतं का? मुद्दाम आली होती का माझ्याकडे? मला आजही सांगता येत नाही. मावशीचा परवाच फोन आला होता. काव्याचं व्हायोलिन पुन्हा वाजतंय म्हणे, त्या चौकडीनं नवी रचना मागितलीय. मावशी आनंदानं रडत होती. तिला मी काहीच बोलले नाही.

कारण त्या दिवशी स्टँडवर, गाडीच्या मागे दोन पावलं धावत, मीही ओरडले होते.

"तू पण वकाश जा!"

शेजारी उभी असलेली बाई माझ्याकडे वळून बघत राहिली.

म्हणून हे लिहून काढलंय. लिहिताना अडत नाही.